मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी पेशीमृत्यूरोधक प्रथिनांचे पॅनेल : एका पॅथॉलॉजिस्टचे परीक्षण

शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीच्या मेणातील ब्लॉकवर (म्हणजे मेणात जतन केलेल्या तुकड्यावर) सर्व्हायविन, एक्सआयएपी, बीसीएल-२ आणि सी-फ्लिप ही पेशींचा मृत्यू रोखणारी चार प्रथिने तपासून रोगाच्या भवितव्याविषयी मत देणारी एक सेवा एका खासगी प्रयोगशाळेकडून घेतलेल्या रुग्णांच्या निमित्ताने मला जवळून पाहता आली. मी ऊतींच्या तपासणीचे काम करतो आणि मोठे आतडे व गुदाशय यांच्या गाठी हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. त्यामुळे या सेवेचे अहवाल घेऊन रुग्णांचे नातेवाईक माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी येतात. प्रयोगशाळेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे म्हणायचे आहे ते अशा प्रकारचे पॅनेल विकणाऱ्या कोणत्याही संस्थेला लागू पडते. पॅनेल घ्यावे की नाही, घेतले असेल तर त्याचा अहवाल कसा वाचावा, आणि त्याआधी कोणत्या तपासण्या पूर्ण झालेल्या असाव्यात, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

प्रथम जे चांगले आहे ते सांगतो, कारण ते खरोखर चांगले आहे. ब्लॉक पोहोचल्याची नोंद वेळेवर मिळते, काम झाल्यावर ब्लॉक आणि रंगवलेल्या स्लाइड दोन्ही परत येतात, आणि परत आलेला ब्लॉक निष्काळजीपणे कापून संपवलेला नसतो. ज्यांनी ब्लॉकसाठी रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये हेलपाटे घातले आहेत त्यांना याची किंमत समजेल, कारण पुढे जनुकीय तपासणी करायची वेळ आली तर तोच ब्लॉक लागतो. स्लाइडवरील रंगाचे कामही स्वच्छ आहे. मी पाहिलेल्या स्लाइडवर पार्श्वभूमीला नको असलेला तपकिरी रंग चढलेला नव्हता, बीसीएल-२ च्या स्लाइडवर गाठीभोवतीचे लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ठळक रंगलेले होते, म्हणजे तपासणी चालली आहे याचा पुरावा त्याच स्लाइडवर मिळत होता, आणि सर्व्हायविनसोबत टॉन्सिलचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, जोडलेला होता. तंत्रज्ञांच्या कामाला मी मनापासून चांगले गुण देईन.

अडचण अहवालाच्या शेवटच्या ओळीत आहे. चार प्रथिनांपुढे ‘तीव्र’, ‘मध्यम’, ‘नकारात्मक’ असे शेरे लिहून झाल्यावर खाली ठळक अक्षरांत ‘रोगाचे भवितव्य प्रतिकूल’ असा निष्कर्ष छापलेला असतो. रुग्ण आणि त्याचे कुटुंब एवढीच ओळ वाचते, आणि ती वाचल्यानंतर कित्येक रात्री त्यांना झोप लागत नाही. ही ओळ छापण्याइतका आधार आज उपलब्ध आहे का, हा माझ्या दृष्टीने या सेवेच्या परीक्षणातील एकमेव महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी ही प्रथिने नेमके काय करतात हे पाहणे भाग आहे.

आपल्या शरीरातील निरुपयोगी किंवा बिघडलेल्या पेशी ठरलेल्या क्रमाने स्वतःला संपवतात. केर, वायली आणि करी या संशोधकांनी १९७२ साली या प्रक्रियेला अपॉप्टोसिस हे नाव दिले. आतड्याच्या अस्तरात ही प्रक्रिया अखंड चालू असते, कारण हे अस्तर दर काही दिवसांनी नवे होते. ग्रंथींच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर सरकत जातात आणि पृष्ठभागावर पोहोचल्यावर मरून गळून पडतात. पेशी आतून मोडण्याचे प्रत्यक्ष काम कॅस्पेज नावाची विकरे करतात. या विकरांना रोखणाऱ्या प्रथिनांचे एक कुटुंब १९९३ साली सापडले, आणि तेही माणसात नव्हे तर किडींना लागण करणाऱ्या विषाणूंमध्ये. सफरचंद पोखरणाऱ्या अळीला ग्रासणाऱ्या एका विषाणूत असे एक जनुक मिळाले, ज्याच्या बळावर विषाणू आपल्या यजमान पेशीला मरू देत नाही आणि तेवढ्या वेळात स्वतःच्या प्रती वाढवून घेतो. पुढे माणसाच्या पेशींतही या कुटुंबाचे आठ सदस्य आढळले. एक्सआयएपी आणि सर्व्हायविन हे त्यांतलेच. पॅनेलमधील बीसीएल-२ आणि सी-फ्लिप ही प्रथिनेही पेशीमृत्यू रोखतात, परंतु ती वेगळ्या कुळातील आहेत आणि वेगळ्या टप्प्यावर काम करतात. अहवालात चौघांना एकाच रांगेत बसवल्यामुळे हा फरक पुसला जातो.

सर्व्हायविनकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण या पॅनेलचा सारा भर त्याच्यावर आहे. येल विद्यापीठातील आल्टिएरी यांच्या गटाने ते १९९७ साली जगापुढे आणले. अवघ्या १४२ अमिनो आम्लांचे हे छोटे प्रथिन गर्भाच्या ऊतींमध्ये भरपूर असते, प्रौढ माणसाच्या बहुतेक पक्व पेशींमध्ये जवळजवळ दिसत नाही, आणि कर्करोगाच्या निरनिराळ्या प्रकारांत पुन्हा मोठ्या प्रमाणात प्रकट होते. कर्करोगाची खूण म्हणून याहून आकर्षक उमेदवार शोधूनही सापडला नसता. पुढच्याच वर्षी, १९९८ साली, मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या १७१ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्याहून थोड्या अधिक गाठींमध्ये सर्व्हायविन आढळले, अशा गाठींमध्ये मरणाऱ्या पेशींचे प्रमाण कमी होते, आणि संशोधकांनी त्याचा संबंध रुग्णांच्या कमी आयुष्याशी जोडला. २००० साली इंग्लंडमधील लीड्सच्या गटानेही गाठीतील सर्व्हायविनचे जनुक सक्रिय असणे आणि रोग उलटून मृत्यू होणे यांच्यात संबंध दाखवला. त्यानंतर जगभरातून अशा अभ्यासांची रीघ लागली, आणि त्यांचे एकत्रित विश्लेषण केले असता सर्व्हायविन जास्त असलेल्या रुग्णसमूहाचे आयुर्मान सरासरीने कमी दिसते, हेही खरे आहे.

जीवशास्त्राच्या अंगानेही ही गोष्ट जुळते. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य गाठींमध्ये एपीसी हे जनुक अगदी सुरुवातीला निकामी होते. एपीसी कार्यरत असताना पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या बीटा-कॅटेनिन या प्रथिनाला आवर घालते. तो आवर सुटला की सर्व्हायविनचे जनुकही जोमाने चालू होते. निरोगी आतड्यात सर्व्हायविन ग्रंथींच्या तळाशी, नव्या पेशी जन्माला येतात तेथेच, सापडते. म्हणजे गाठीतील पेशी एका अर्थाने ग्रंथीच्या तळाची सवय वर आल्यावरही सोडतच नाहीत. इतका सुसंगत धागा हाती आल्यावर संशोधकांना उत्साह वाटला यात नवल नाही, आणि मला स्वतःलाही हा विषय आजही तितकाच मोलाचा वाटतो.

परंतु याच ठिकाणी पॅनेल विकणाऱ्याने थांबून विचार करायला हवा होता. सर्व्हायविन केवळ पेशीमृत्यू रोखत नाही. पेशी विभागताना गुणसूत्रे नीट वाटली जावीत यासाठी ऑरोरा-बी या विकराबरोबर ते अत्यावश्यक काम करते. म्हणून स्लाइडवर सर्व्हायविन तीव्र दिसले तर ती पेशी मरणाला नकार देत आहे, की फक्त वेगाने विभागत आहे, हे त्या तपकिरी रंगावरून सांगता येत नाही. त्यातही रंग केंद्रकात आहे की पेशीद्रवात, यावर अर्थ बदलतो. काही अभ्यासांत केंद्रकातील सर्व्हायविन चांगल्या भवितव्याशी जोडलेले आढळले, काहींत वाईट भवितव्याशी, आणि काहींनी दोन्ही ठिकाणचा रंग एकत्रच मोजला. मी पाहिलेल्या एकाही अहवालात केंद्रक आणि पेशीद्रव यांची नोंद वेगवेगळी नव्हती. प्रथिन ओळखून त्याला चिकटणारे कोणते प्रतिपिंड वापरले, किती टक्के पेशी रंगल्या म्हणजे ‘तीव्र’ म्हणायचे, गाठीचा मध्यभाग पाहिला की स्नायूत घुसणारी कड पाहिली, यांपैकी काहीच लिहिलेले नव्हते. एका अभ्यासात दहा टक्के पेशी रंगल्या की गाठ सकारात्मक ठरते आणि दुसऱ्यात त्याहून कितीतरी अधिक लागतात, अशी परिस्थिती असताना ‘तीव्र’ हा शब्द एकटा फार थोडे सांगतो. कर्करोगाच्या खुणांविषयीचे अभ्यास कसे मांडावेत यासाठी २००५ साली ‘रिमार्क’ या नावाने ओळखली जाणारी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, ती नेमक्या याच गोंधळामुळे. तपासणीची पद्धत आणि कट-ऑफ (सकारात्मक ठरवण्याची सीमा) स्पष्ट लिहा, ही त्यांतील अगदी प्राथमिक अपेक्षा आहे.

एक्सआयएपीबाबत अडचण निराळी आहे. या कुटुंबात कॅस्पेजना थेट धरून ठेवणारे सर्वांत समर्थ प्रथिन म्हणजे एक्सआयएपी. त्याचा एक भाग कॅस्पेज-९ ला अडवतो आणि दुसरा भाग कॅस्पेज-३ व ७ यांना. मात्र त्यालाही निष्प्रभ करणारे एक प्रथिन पेशीत असते. मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातून, बाहेर पडणाऱ्या या प्रथिनाचा शोध २००० साली दोन गटांनी स्वतंत्रपणे लावला. अमेरिकेतील गटाने त्याला स्मॅक म्हटले आणि ऑस्ट्रेलियातील गटाने डायब्लो. पेशी मरेल की तगेल हे एक्सआयएपी किती आहे यापेक्षा एक्सआयएपी, स्मॅक आणि कॅस्पेज यांच्या परस्पर प्रमाणावर ठरते. या पॅनेलमध्ये स्मॅक नाही, कॅस्पेज-३ नाही, आणि प्रत्यक्ष किती पेशी मरत आहेत याची मोजणीही नाही. दाराला किती जड कुलूप लावले आहे ते मोजायचे आणि किल्ली घरातच आहे का हे पाहायचे नाही, असा हा प्रकार झाला. डब्लिनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधील प्रेन यांच्या गटाने हीच उणीव ओळखून अपाफ-१, प्रोकॅस्पेज-३, प्रोकॅस्पेज-९, स्मॅक आणि एक्सआयएपी या पाचही प्रथिनांचे प्रमाण गाठीत मोजले आणि ते गणिती प्रारूपात घालून, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये केमोथेरपीला मिळणारा प्रतिसाद आणि रोगाची पुढची वाटचाल यांचा अंदाज बांधता येतो का हे तपासले. या क्षेत्रातील मला सर्वांत पटणारे काम हेच. परंतु त्यासाठी प्रथिनांचे परिमाण मोजावे लागते; स्लाइडवरच्या ‘मध्यम’ आणि ‘तीव्र’ शेऱ्यांतून ते गणित मांडता येत नाही.

बीसीएल-२ ने तर या पॅनेलच्या मूळ गृहीतकालाच छेद दिला आहे. हे प्रथिन पेशीला मरू देत नाही हे मेलबर्नच्या व्हॉक्स, कोरी आणि अॅडम्स यांनी १९८८ साली दाखवले, आणि लिम्फोमाच्या (लसिका पेशींच्या कर्करोगाच्या) अभ्यासात त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. सरळ तर्क लावला तर आतड्याच्या गाठीत ते जास्त असणे वाईट ठरायला हवे. प्रत्यक्षात उलटे दिसते. नॉटिंगहॅम येथील ४६० रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांच्या गाठीत बीसीएल-२ होते आणि पी-५३ (गाठी रोखणारे प्रथिन, जे बिघडल्यावर पेशीत साचते) साचलेले नव्हते त्यांचे भवितव्य अधिक चांगले आढळले, आणि इतर अभ्यासांचाही कल बीसीएल-२ असणे अनुकूल मानण्याकडेच आहे. असे का, याचे एक संभाव्य उत्तर असे की बीसीएल-२ टिकून असलेल्या गाठी रोगाच्या वाटचालीत अजून मागच्या टप्प्यावर असतात, तर पुढे गेलेल्या गाठींना जगण्यासाठी त्याची गरज उरत नाही. कारण काहीही असो, ‘पेशीमृत्यू रोखणारे प्रथिन जास्त म्हणजे भवितव्य वाईट’ हे समीकरण या एका प्रथिनापाशीच मोडते. मी पाहिलेल्या एका अहवालात बीसीएल-२ ‘सकारात्मक’ होते आणि तेही प्रतिकूल निष्कर्षाच्या बाजूने मोजले गेले होते. ही मतभेदाची बाब नाही. ही उघड चूक आहे, आणि ती अहवालावर सही करणाऱ्याच्या नजरेतून सुटायला नको होती. बेरजेच्या पद्धतीने निष्कर्ष काढणाऱ्या साच्यात अशा चुका होणे अटळ आहे.

सी-फ्लिपविषयी थोडक्यात सांगता येईल. पेशीच्या पृष्ठभागावरून येणारा मृत्यूचा संदेश कॅस्पेज-८ पाशी अडवणे हे त्याचे काम. आतड्याच्या गाठींमध्ये ते वाढलेले आढळते, आणि बेलफास्ट व नॉटिंगहॅम येथील संशोधनात त्याचा प्रतिकूल भवितव्याशी संबंध दिसला आहे. चारांमध्ये याची दिशा सर्वांत सुसंगत वाटते; तरीही एका रुग्णाचा उपचार त्यावर ठरवावा असा पुरावा अद्याप जमलेला नाही.

आता व्यवहाराच्या प्रश्नाकडे वळतो. रोगाचे भवितव्य सांगण्यात आजही पहिला मान गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आहे, लसिका ग्रंथींत पसरली आहे का आणि दूरच्या अवयवांत पोहोचली आहे का, या तीन गोष्टींचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींनुसार आतड्यापुरत्या मर्यादित रोगात पाच वर्षांचे जीवितप्रमाण सुमारे ९० टक्के आहे, तर दूरवर पसरलेल्या रोगात ते १५ टक्क्यांच्या आसपास येते. एवढी दरी दाखवणारे कोणतेही प्रथिन अजून सापडलेले नाही. आणि ही माहिती महागड्या तपासणीतून मिळत नाही. ती काढलेल्या आतड्याच्या तुकड्याची टेबलावर नीट तपासणी करण्यातून मिळते. किमान १२ लसिका ग्रंथी शोधून तपासल्या गेल्या पाहिजेत हा सर्वमान्य निकष आहे. माझ्याकडे या पॅनेलचा रंगीत अहवाल घेऊन आलेल्या एका रुग्णाच्या मूळ अहवालात १२ पेक्षा कमी ग्रंथी तपासल्याची नोंद होती. त्या कुटुंबाने पॅनेलवर खर्च केलेले पैसे बाजूला ठेवले तरी, मूळ नमुन्यातील चरबीत आणखी ग्रंथी शोधा असा आग्रह धरला असता तर त्यांना कितीतरी मोलाची माहिती मिळाली असती.

दुसऱ्या टप्प्यातील रोगात, म्हणजे गाठ भिंतीत खोल गेली आहे पण ग्रंथी स्वच्छ आहेत अशा वेळी, केमोथेरपी द्यावी का हा खरा पेच असतो, आणि हे पॅनेल नेमके याच रुग्णांना सुचवले जाते. हा पेच किती नाजूक आहे हे ब्रिटनमधील ‘क्वासार’ चाचणीच्या २००७ च्या निष्कर्षांवरून कळते. त्यात ३,२३९ रुग्ण होते, बहुतेक दुसऱ्या टप्प्यातले, आणि केमोथेरपीने मिळणारा लाभ पाच वर्षांच्या जीवितात सुमारे साडेतीन टक्क्यांच्या घरात होता. इतक्या लहान लाभासाठी कोणाला औषध द्यायचे हे ठरवताना गाठ आतड्याच्या बाहेरील आवरणापार गेली आहे का, रक्तवाहिन्यांत किंवा मज्जातंतूंभोवती शिरली आहे का, आतडे तुंबले वा फुटले होते का, हे पाहिले जाते. आणि त्याबरोबर पाहिली जातात डीएनएच्या नकलेतील चुका दुरुस्त करणारी एमएमआर प्रथिने : एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६.

ही चार प्रथिनेही त्याच ब्लॉकवर, त्याच तंत्राने तपासली जातात. फरक असा की यांच्या निकालावर निर्णय बदलतो. यांतील एखादे प्रथिन नाहीसे झालेले असेल तर दुसऱ्या टप्प्यात भवितव्य चांगले असते, आणि केवळ फ्लुरोयुरॅसिल या औषधाची केमोथेरपी दिल्याने लाभ दिसत नाही. त्याच निकालावरून लिंच सिंड्रोम या आनुवंशिक प्रवृत्तीचा संशय येतो, आणि मग रुग्णाच्या भावंडांची व मुलांची वेळेवर कोलोनोस्कोपी करता येते. रोग पसरलेल्या अवस्थेत हाच निकाल इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या उपचाराचे, दार उघडतो. २०२० साली जाहीर झालेल्या चाचणीत अशा रुग्णांमध्ये पेंब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने केमोथेरपीपेक्षा अधिक काळ रोग आटोक्यात ठेवल्याचे दिसले. पेशीमृत्यूरोधक प्रथिनांचे पॅनेल घेऊन आलेल्या एका मुलीने मला विचारले, “डॉक्टर, बाबांचं हे सर्व्हायविन कमी करायला काही औषध आहे का?” त्या कागदांच्या गठ्ठ्यात एमएमआरचा अहवाल नव्हता. ती तपासणी त्याच ब्लॉकवर करून घ्या, एवढे मी तिला सांगितले. निकाल येथे देण्याचे कारण नाही, पण तो कोणताही आला असता तरी पुढच्या चर्चेला त्याने आकार दिला असता. सर्व्हायविनच्या निकालाने दिला नसता.

तिच्या प्रश्नाचे उत्तरही येथे नोंदवतो, कारण तो अनेकांच्या मनात येईल. सर्व्हायविन कमी करण्यासाठी वायएम-१५५ नावाचे औषध तयार झाले होते. रुग्णांवरील चाचण्यांत एकटे दिल्यास त्याचा प्रभाव मर्यादित राहिला. स्मॅकची नक्कल करून या कुटुंबातील प्रथिनांना निष्प्रभ करणारी बिरिनापंट, झेविनापंट अशी औषधेही आली. डोके व मानेच्या कर्करोगात झेविनापंटची तिसऱ्या टप्प्यातील मोठी चाचणी २०२४ साली अपेक्षित लाभ न दिसल्याने थांबवण्यात आली. म्हणजे आज तरी या पॅनेलच्या निकालाला जुळणारे औषध मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांत नाही.

व्यावसायिक तपासण्यांशी तुलना केली तर एक गोष्ट बोलकी आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या २१ जनुकांच्या ऑन्कोटाइप डीएक्स तपासणीत सर्व्हायविन आहे, परंतु ते पेशीविभाजनाच्या गटात मोजले जाते, पेशीमृत्यूच्या नव्हे. त्याच तपासणीत बीसीएल-२ देखील आहे, आणि तेथे त्याचे वजन अनुकूल बाजूला पडते. त्याच घराण्यातील मोठ्या आतड्याच्या १२ जनुकांच्या तपासणीत सर्व्हायविनला आणि एक्सआयएपीला जागाच मिळालेली नाही. शेकडो जनुके चाळून, अनेक चाचण्यांतील साठवलेल्या नमुन्यांवर पारखून ज्यांनी ही यादी केली त्यांना ती वगळावीशी वाटली, याची दखल आपण घ्यायला हवी. गाठीभोवतीच्या टी-पेशी मोजणारी इम्युनोस्कोर ही तपासणी २०१८ साली २,६८१ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय अभ्यासात पारखली गेली. रक्तातील गाठीचे डीएनए पाहून केमोथेरपी ठरवण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील ‘डायनॅमिक’ चाचणीत ४५५ रुग्णांवर तपासली गेली आणि २०२२ साली तिचे निष्कर्ष आले : दुसऱ्या टप्प्यातील ज्या रुग्णांचा निर्णय रक्ततपासणीवर सोपवला त्यांच्यापैकी १५ टक्क्यांना केमोथेरपी द्यावी लागली, नेहमीच्या पद्धतीच्या गटात २८ टक्क्यांना, आणि दोन वर्षांत रोग उलटण्याच्या बाबतीत पहिला गट मागे पडला नाही. भवितव्य सांगणाऱ्या तपासणीकडून मला हीच अपेक्षा असते. तिने एका समूहाचा आलेख दुसऱ्याच्या खाली दाखवणे पुरेसे नाही. तिच्या सांगण्यावरून वागलेल्या माणसांचे भले झाले हे दाखवायला हवे. पेशीमृत्यूरोधक प्रथिनांच्या बाबतीत हे पाऊल अजून कोणी टाकलेले नाही.

म्हणून रुग्ण आणि नातेवाईक यांना माझा सल्ला असा. मूळ पॅथॉलॉजी अहवालात किती ग्रंथी तपासल्या, गाठीची खोली, कडा, रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांचा उल्लेख आहे का हे पाहून घ्या. एमएमआर तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. या पॅनेलच्या खर्चात ती सहज बसते. रोग पसरलेला असेल तर केआरएएस, एनआरएएस आणि बीआरएएफ या जनुकांची तपासणी उपचारासाठी आवश्यक आहे. हे सारे झाल्यावर, संशोधन प्रकल्पाचा भाग म्हणून कोणी तुमच्या ब्लॉकवर सर्व्हायविन किंवा एक्सआयएपी तपासू इच्छित असेल, तर संमती जरूर द्या. आपल्याकडच्या रुग्णांच्या गाठींवर असे काम व्हायला हवे. चाळिशीच्या आतबाहेरचे कितीतरी रुग्ण आपण पाहतो, आणि त्यांच्या गाठींचे वागणे पाश्चात्त्य मालिकांतील सत्तरीच्या रुग्णांसारखेच असेल असे गृहीत धरता येत नाही. परंतु स्वतःच्या खिशातून पैसे देऊन, उपचार ठरवण्यासाठी, हे पॅनेल घेऊ नका.

प्रयोगशाळेला मी लेखी कळवलेल्या सूचना येथे देतो, म्हणजे इतर संस्थांनाही त्या उपयोगी पडतील. प्रतिपिंडाचा क्लोन (नेमका वाण) आणि कट-ऑफ अहवालात छापावा. केंद्रक आणि पेशीद्रव यांचा रंग स्वतंत्र नोंदवावा. एक्सआयएपी सोबत स्मॅक आणि सक्रिय कॅस्पेज-३ यांची तपासणी जोडावी, नाहीतर एक्सआयएपी वगळावे. बीसीएल-२ ची गणना प्रतिकूल बाजूला करणे तात्काळ थांबवावे. रुग्णाचा टप्पा आणि एमएमआरचा निकाल हाती आल्याखेरीज नमुना स्वीकारू नये. आणि भवितव्याविषयीची ती ठळक ओळ काढून टाकून तिच्या जागी ‘या निकालाचा वापर सध्या उपचाराचा निर्णय घेण्यासाठी करू नये’ असे साध्या मराठीत लिहावे. पहिल्या दोन सूचना मान्य झाल्याचे उत्तर मला मिळाले आहे. बीसीएल-२ विषयी आणि शेवटच्या ओळीविषयी अद्याप काही कळवलेले नाही, आणि तोपर्यंत मी या सेवेची शिफारस कोणत्याही रुग्णाला करणार नाही.